पॉलिसीनंतरचा बिबट्या

कांदा साठवायच्या बराखीच्या शिडीवरून पडून पोपटरावांचा पाय मोडला, तेव्हा लेकानं काढून दिलेली विम्याची पॉलिसी अगदी नवी कोरी होती. नारायणगावच्या दवाखान्यात विम्याच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "बाबा, या पायाला आधी काही झालं होतं का?"

आता हे पोपटरावांना विचारायचं असतं का? "झालं व्हतं म्हंजी! उसात बिबट्यानं ह्योच पाय धरला व्हता. म्या त्याचं शेपूट पिरगाळलं, तवा सोडला."

या गोष्टीवर त्यांच्या गावात, पिंपरी पेंढारात, शेंबडं पोरही विश्वास ठेवत नसे. या पोरीनं मात्र ठेवला. "म्हणजे दुखणं जुनं. जुन्या दुखण्याला तीन वर्षं थांबावं लागतं, बाबा. नवा अपघात असता, तर पहिल्या दिवसापासून खर्च मिळाला असता."

पोपटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चिमाबाई पुढं सरसावल्या. "कसला बिबट्या, बाई! माझ्या माहेरचं कुत्रं व्हतं ते."

"कुत्रं तरी कुटलं," पोपटराव घाईघाईनं म्हणाले, "पिल्लू व्हतं. आन लेंगा धरला व्हता, पाय नाय."

एक्सरेतही जुनी खूण सापडली नाही. मंजुरी आली, ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच पोपटराव शेजारच्या खाटेकडं वळले. "पावणं, शिडीवर व्हतो, अन् बिबट्यानं खालनं पाय वढला राव!"

चिमाबाईंनी पांघरूण सारखं करत विचारलं, "कवाचा बिबट्या?"

"परवाचा."

"मंग सांगा खुशाल."