डब्यात उरलेलं कार्ड

संध्याकाळी पाचला दोन गाड्या खाली आल्या. चालकांनी बर्फाळलेल्या साखळ्या फ्रोइलानच्या पायाशी टाकल्या, आपापली ओळखपत्रं उचलली आणि सुटले एकदाचे. वर वादळ उठलं होतं. डब्यात आता एकच कार्ड उरलं.

या डोंगरात बर्फ पडलं की चाकांना साखळ्या असल्याशिवाय नाक्यावरून गाडी सोडत नाहीत. ज्यांच्याकडं नसतात ते फ्रोइलानच्या टपरीवरून भाड्यानं नेतात. गाडी ज्याच्या नावावर, त्याचं कार्ड डब्यात. साखळ्या परत आल्या की कार्ड परत. या नियमातून त्यानं सख्ख्या भावालाही कधी सोडलं नव्हतं. संध्याकाळी नाका बंद करताना सार्जंट डब्याची चौकशी करतो. कार्ड उरलं म्हणजे माणूस वर उरला, मग बर्फ सारायचा ट्रक शोधायला निघतो.

हे कार्ड सकाळी ओतिलियानं घेतलं असणार. फ्रोइलान तेव्हा रस्त्यापलीकडं एका बसच्या चाकाशी पालथा पडून साखळी ओढत होता. नंतर पोरगी लांबूनच ओरडली, "बाबा, दाढ ठणकतेय, गावात दाखवून येते!" आणि गेली. अजून पत्ता नव्हता. मावशीकडं चहाला बसली असेल, नेहमीचंच.

त्यानं कार्ड उलटून नाव वाचलं आणि खाली बसला.

गास्पार इलाबाका.

चार वर्षांपूर्वी, याच तारखेला, या गास्पारनं आपल्या गाडीत दारिओला वर नेलं होतं. दारिओ म्हणजे फ्रोइलानचा एकुलता एक मुलगा. टपरी त्या दिवशी बंद होती, नाक्यावरही कुणी नव्हतं आणि गास्पार म्हणाला होता, एवढ्याशा बर्फाला कसल्या साखळ्या! सातव्या वळणावर गाडी घसरली. गास्पारचा हात मोडला. दारिओला दोरानं वर काढावं लागलं. साखळ्या लावणाऱ्याचा पोरगा साखळ्यांविना गेला, असं लोक बोलत, आणि ते ऐकून फ्रोइलानला मरून जावंसं वाटे. त्यानंतर तो वळणाकडं फिरकला नाही. घरात कुणी तिकडं जायचं नाही, गास्पारचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद होती. बायको झुरून गेली. उरली ओतिलिया.

आणि हा हरामखोर आज, आजच्या दिवशी, आपल्याच साखळ्या लावून फिरायला गेला!

बाहेर बूट आपटल्याचा आवाज झाला. सार्जंट उर्रुतिया आत शिरला आणि शेगडीला जवळजवळ मिठी मारून उभा राहिला.

"च्यायला, काय गारठा आहे! नाकाचा शेंडा आहे की पडला बघ रे."

"आहे. नको तिथं खुपसायला लागतं ना."

सार्जंट हसला. "ट्रक चालू करून ठेवलाय. अजून अर्धा तास वर जाता येईल, मग देवालासुद्धा जमायचं नाही. डब्यात किती?"

फ्रोइलानचा हात कोटाच्या खिशात होता. कार्डाची कड बोटाला लागत होती.

"एकही नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"वीस वर्षं मोजतोय. आता तू शिकव मला."

"चिडतोस काय लगेच! बरं झालं बाबा. ट्रकवरची पोरं सकाळपासून उपाशी आहेत." तो दाराशी थांबला. "आज दारिओचा दिवस ना? चल माझ्याबरोबर खाली. एकटा बसू नकोस."

"जा तू."

सार्जंट गेला. अडथळ्याचा दांडा खाली आला, कुलूप लागलं. जीप आणि तिच्यामागं ट्रक, दोन्ही गावाच्या दिशेनं उतरू लागले. फ्रोइलान खिडकीशी उभा होता. छातीवरचा दगड हलेल, असं त्याला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. गास्पारची आई शनिवारच्या बाजारात चीज विकायची, तिचा चेहरा मात्र डोळ्यांपुढून हलेना. तीही आता वाट बघत बसणार.

तो दार उघडून धावला. "उर्रुतिया! अरे थांब! एक आहे!"

वाऱ्यात त्याचा त्यालाच आवाज ऐकू येईना. ट्रकचे दिवे वळणाआड गेले. टपरीत वायरलेस नव्हता, नाक्यातला कुलपात होता. फ्रोइलान गुडघाभर बर्फात उभा राहून रडला. आपण माणूस मारला, हे त्यानं मोठ्यानं म्हटलं.

आत येऊन तो तसाच बसून राहिला. अर्ध्या तासानं दारावर थाप पडली.

दारात गास्पार उभा होता. नखशिखांत बर्फानं माखलेला, धापा टाकणारा, पण जिवंत.

फ्रोइलाननं त्याचे दोन्ही खांदे घट्ट धरले. "तू... आलास? खाली आलास?"

"खालून वर आलो, काका. गावातून, चालत." गास्पार बिचकून दाराशीच थांबला. "माझं तोंड बघायचं नाही तुम्हाला, ठाऊक आहे मला. लगेच जातो. दोनला येते म्हणाली होती, आली नाही, तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण सार्जंट वाटेत भेटला. वर कुणी राहिलं नाही, डबा रिकामा आहे म्हणाला, तेव्हा कुठं जिवात जीव आला."

"कोण दोनला येणार होती?"

"रागावू नका तिच्यावर. दारिओच्या वळणावर फुलं ठेवायची होती तिला. तुम्ही जाऊ देणार नाही, म्हणून माझी गाडी मागितली, डब्यात टाकायला कार्डही दिलं मी. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली, भावाकडं एकटीच जाते." त्यानं फ्रोइलानच्या खांद्यावरून आत, शेगडीकडं पाहिलं. "ओतिलियाला हाक मारता का जरा? गाडीची किल्ली तिच्याकडंच आहे."