उजवीकडची पांदण

इंद्रजीतने मागे वळून पाहिलं. सागाच्या जंगलात कोणी नव्हतं. झाडावर रंगवलेला लाल बाण डावीकडे, नदीच्या वाटेवर होता. त्याने मनगटातली दोरी हलकेच ओढली आणि तो उजवीकडच्या पांदणीत शिरला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला गुलाबसिंगचा हात निमूट त्याच्यामागे वळला.

दिग्रसजवळच्या पोरांनी भरवलेली ती जंगल दौड होती. माळरानावरून निघायचं, जंगलातून उतरायचं, अरुणावतीच्या काठाने बंधाऱ्याला वळसा घालायचा आणि शाळेच्या मैदानावर पोचायचं. अंध धावपटूंची शर्यत वेगळी होती. प्रत्येकासोबत एक डोळस जोडीदार, दोघांच्या मनगटांत एक आखूड दोरी. बैलगाड्यांची ती पांदण मात्र नदीकडे जातच नव्हती. तुरीच्या शेतांमधून ती सरळ मैदानावर निघत होती.

गुलाबसिंग एके काळी एसटीचा ड्रायव्हर होता. काचबिंदूने डोळे गेले आणि तो घराच्या ओट्यावर बसला तो बसलाच. त्याच्याच तांड्यातल्या इंद्रजीतने एक दिवस त्याला हाताला धरून उठवलं. "चाला काका, माळावर जरा पळून येऊ." तेव्हापासून गुलाबसिंग रोज पहाटे बूट घालून दारात तयार बसायचा. पळताना त्याचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला सगळं दिसतंय.

या महिन्यात मात्र लग्नसराईच्या नादात इंद्रजीतने बऱ्याच पहाटा बुडवल्या होत्या. काका बूट घालून बसले असतील हे त्याला अंथरुणातही ठाऊक असायचं. आज जंगलाच्या उतारावर त्याचाच दम उखडला. आर्णीची निलोफर तिच्या जोडीदारणीसोबत त्यांना मागे टाकून गेली.

"दमला काय रे?" गुलाबसिंगने विचारलं होतं.

"नाही काका. चाला तुमी."

आणि मग तो फाटा आला होता.

पांदणीत पायाखाली ढेकळं लागू लागली. दोन्ही बाजूंनी तुरीची झाडं अंगाला घासत होती. थोडं पुढे गेल्यावर गुलाबसिंगने मान तिरकी केली.

"नदी नाही आली अजून?"

"आली ना. बाजूलेच हाय," इंद्रजीत म्हणाला. "पाणी आटलं हाय, काका. म्हणून आवाज नाही."

गुलाबसिंगने मान सरळ केली. तो पळत राहिला.

मैदानावर डफडं वाजलं. पहिला नंबर! कोणीतरी गुलाबसिंगच्या गळ्यात हार घातला, फोटो काढले. इंद्रजीतच्या पाठीवर थापा पडत होत्या. "असा जोडीदार पाह्यजे," लोक म्हणत होते. प्रत्येक थापेसरशी त्याची मान आणखी खाली जात होती.

तेवढ्यात निलोफर आली. तिचे बूट पाण्याने निथळत होते. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. गुलाबसिंगच्या गळ्यातला हार बघून तिची जोडीदारीण जागीच थबकली.

"हे आमच्या मागं होते," ती आयोजक रामधनला म्हणाली. "नदीवर तं आमच्या पुढं कोणीच गेलं नाही. बंधाऱ्यावरून पाणी वाहून राह्यलं, काठाच्या चिखलात एकाही पायाचा ठसा नव्हता."

डफडं थांबलं. रामधनने इंद्रजीतकडे पाहिलं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो मनगटातली गाठ चाचपत राहिला.

"त्याले काय विचारता?" गुलाबसिंग म्हणाला. "मी दमलो होतो. मीच म्हटलं त्याले, जवळच्या रस्त्यानं ने. चूक माही हाय."

त्याने चाचपडत गळ्यातला हार काढला. "पोरगी कुठी हाय? तिले द्या."

निलोफरने हार घेतला. गर्दीत मात्र हसू पसरलं, मायेचं हसू. "जाऊ द्या हो, आंधळ्या माणसाले काय नियम," कोणीतरी मोठ्याने म्हणालं. गुलाबसिंगही हसला. त्याची हनुवटी थरथरलेली फक्त इंद्रजीतला दिसली, कारण दोरी अजून सोडलेली नव्हती आणि तो अगदी जवळ उभा होता. काका दमले होते, हे तरी आपण खोडून काढावं, असं त्याला वाटलं. या माणसाच्या पायांत अजून दुप्पट पळायची ताकद होती. पण तो गप्पच राहिला. दुसऱ्यांदा.

लोक पांगले. मोटरसायकलपाशी येऊन इंद्रजीतने दोरीची गाठ सोडली. तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊन चढलं होतं.

"काका," तो खाली बघत म्हणाला, "मी खोटं बोललो तुमच्याशी. आन् तुमी माह्यासाठी सगळ्यांसमोर हसं करून घेतलं. तुमचं मन लय मोठं हाय."

गुलाबसिंगने हाताने गाडीची सीट शोधली. मग इंद्रजीतचा खांदा शोधला आणि त्याला धरून तो मागे बसला.

"मन कायचं मोठं," तो म्हणाला. "राग तं मले तिथं पांदणीतच आला होता. पण रागावून एकट्यानं घरी निघून जायाले डोळे लागते, इंद्रजीत."