जोडीची कयाक

काका तीन महिने अभ्यास करूनच आले होते, त्यामुळे दुकानातल्या ताईला कयाकबद्दल सांगायला काही उरलंच नव्हतं. नवराबायकोला एकेकट्याच्या दोन घ्यायच्या की जोडीची एकच, एवढंच काय ते अडलं होतं. तिने जोडीची कयाक मागच्या तळ्यात उतरवली. पुढे काका बसले, मागे काकू.

काका "एक-दोन, एक-दोन" करत घाम गाळत वल्हवत होते. काकूंनी मात्र वल्हं मांडीवर आडवं टाकलं होतं आणि त्या निवांत गुणगुणत संत्रं सोलत होत्या. काठावरच्या ताईला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बघा, वल्ह्याला वल्हं एकदासुद्धा लागलं नाही!" काठाला येत काका म्हणाले. "हीच द्या."

काकू चपला घालायला गेल्या, तशी ताईला राहवेना. "काका, तुम्ही आपली एकट्याचीच घ्या. हलकी जाईल."

"ती वल्हवत नव्हती, हे काय मला कळलं नाही?" काका दंड चोळत हसले. "पण घरी ती गुणगुणायला लागली आणि मी वळून बघितलं, की लाजून गप्प होते. यात मला वळताच येत नाही."