वाटेत नाव घ्यायचं नसतं

तीन घोडेस्वार डोंगर चढून येताना दिसले. चौथा घोडा रिकामा आहे हे लक्षात आलं आणि चोल्पोननं खणणं थांबवलं. पुढे मामबेत आबा, त्यांच्या मागे गावचे मुल्ला, शेवटी उमसुन आपा. एवढी वडीलधारी माणसं बर्फात सहज फिरायला निघत नाहीत. कुणीतरी गेलं होतं, आणि त्याच्या घरच्यांना ते अजून ठाऊक नव्हतं.

सकाळपासून ती उत्तरेच्या उतारावर बर्फात खड्डे खणून बघत होती. स्कीवाल्यांनी कुठे जायचं आणि कुठे पाऊल ठेवायचं नाही, हे सांगायचं काम गावानं तिच्यावर सोपवलं होतं. तिनं फावडं पाठीला अडकवलं, पायातल्या स्की काढल्या.

"डोंगरातच का, आबा?"

"डोंगरात."

"बर्फानं?"

आबांनी मान डोलावली. "बस घोड्यावर, पोरी. एका घरी जायचंय."

तिनं नाव विचारलं नाही. चोंग-बुलाक गावात अशा वाटेवर नाव घेत नाहीत. वडीलधारे जमतात, हवापाण्याचं बोलतात, बोलता बोलता दुःखाच्या जवळ सरकतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला नीट सावरून धरल्यावरच नाव उच्चारतात. चोल्पोन याआधी दोनदा अशी गेली होती.

शिवाय नाव तिला ठाऊकच होतं. असा आगाऊपणा गावात एकच जण करू शकत होता. दूलातचा तेमिरलान. पहिला दणकून बर्फ पडला की त्या पोराच्या अंगात वारं शिरायचं. काल चहाच्या टपरीवर तिनं त्याला बजावलं होतं, तर म्हणाला, "आपा, तू घाबरतेस म्हणून डोंगर थांबणार आहे का?" आज निघताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "एल्दियार, त्याला जाऊन सांग. ऐकलं नाही तर कान धरून आण." एल्दियार हसला होता. "बर्फापेक्षा तुझाच धाक जास्त आहे गावाला."

म्हणजे एल्दियार पोचायच्या आतच पठ्ठ्या निघून गेला असणार.

घोडे पावलं न वाजवता उतरत होते. बर्फ इतका हलका पडत होता की तो खाली येतोय की वर चाललाय, कळत नव्हतं. देवदार पुसट झाले, पुन्हा दिसू लागले. चोल्पोनला वाटलं, ही वाट अशीच लांबत जावी, कुठलंच घर येऊ नये. तिला तेमिरलानचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, आणि मग नुसतंच वाईट वाटलं.

"कसा सुटतो गं हा उतार?" आबांनी विचारलं. "वरून तर भक्कम दिसतो."

"तेच तर फसवं, आबा. ऑक्टोबरात पडलेला थोडासा बर्फ थंडीनं सुटा होतो, साखरेसारखा. मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. त्यावर आता हा जड थर बसलाय. माणसाचं वजन पडलं की खालची साखर बसते, धप्प आवाज होतो, आणि अख्खा उतार चालू लागतो."

"त्रास होतो का त्या माणसाला?" मुल्लांनी हळूच विचारलं.

"हिवाळा कोवळा असतो तेव्हा खाली दगड उघडेच असतात. त्यांवर आपटून बहुतेकदा माणसाला काही कळायच्या आत संपतं."

"बरं झालं, तूच हे सांगितलंस," मुल्ला म्हणाले.

पोराच्या आईला नेमकं हेच सांगायचं, असं चोल्पोननं ठरवलं. ती मनात शब्द जुळवू लागली. मुलगा वाऱ्यासारखा होता, वारा घरात राहत नाही. नको, हे फार झालं. साधंच बोलावं.

"आपा, तिथे मी काय बोलू?"

उमसुन आपांनी आपला घोडा तिच्या घोड्याला भिडवला. "तू काही बोलू नकोस, लेकी. तू नुसती आमच्या मधे राहा."

गाव लागलं. धुराड्यांतून धूर सरळ वर जात होता. एल्दियार घरी पोचला असेल, चुलीशी बसून स्वतःलाच दोष देत असेल. हे उरकलं की आधी त्याच्याजवळ जाऊन बसायचं. तुझा काही दोष नाही, म्हणायचं.

दूलातच्या घराचं वळण आलं, आणि घोडे सरळ पुढे गेले.

"आबा, वळण मागे राहिलं."

आबांनी घोडा तसाच पुढे हाकला. आपांनी तिचा दंड घट्ट धरला.

तिच्याच घराचं फाटक सताड उघडं होतं. कुणीतरी पुढे येऊन तिच्या घोड्याचा लगाम धरला, पण मान वर करेना. टोपी नसलेल्या त्याच्या केसांत बर्फ गोठला होता, आणि हुंदक्यांनी खांदे गदगदत होते.

तो तेमिरलान होता.