निळी भाजी

बायपासनंतर मुकुंदरावांच्या ताटात निळी भाजी कधी आली नव्हती. तेल दुसऱ्यांदा तापलं की निळं पडावं, असा रंग आता कंपन्या त्यात घालूनच विकत.

त्या दुपारी जेवून उठल्यावर ते पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको शरयू नुकतीच जेवायला बसली होती. तिच्या ताटातला दुधी निळाशार होता.

“हे काय?”

“चकल्यांचं तेल उरलंय. टाकून कसं द्यायचं? तुमची फोडणी वेगळी करते मी.”

“तळणीचं तेल पुन्हा वापरू नका, म्हणाले होते ना डॉक्टर?”

“अहो, ते तुम्हाला सांगितलंय.”

मुकुंदरावांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावून तपासणीची वेळ मागितली.

“पेशंटचं नाव तेच ना?” पलीकडून विचारलं.

“नाही. शरयू पेंढारकर लिहा.”