दाराआड

हणमंत पुन्हा स्वयंपाकघराच्या बंद दारामागे उभा होता. दाराखालच्या फटीत सरोजला त्याची सावली दिसली आणि कणीक मळणारा तिचा हात थांबला. अकरा वर्षं तुरुंगात काढून आलेला हा दीर दिवसातून चार-पाच वेळा असाच कुठल्यातरी दाराआड गुपचूप उभा राहायचा. काय ऐकत असेल? कशावर डोळा असेल?

दुपारी सुटलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकारी नाईकनवरे मॅडम आल्या, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. हणमंत मान खाली घालून ऐकत राहिला. सुटकेच्या दिवशी त्याच्या आणि सरोजच्याही मनगटावर मन वाचणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. मॅडमनी दोन्ही तपासल्या.

"यांना दुसरीकडे हलवावं लागेल."

"म्हणजे भावजींच्या मनात काहीतरी होतंच ना?"

"त्यांची पट्टी शांत आहे, ताई. संशय तुमच्या पट्टीवर आहे, रोज चाळीस-चाळीस वेळा. इतक्या संशयाखाली राहणारा सुटलेला कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळतो, म्हणून आम्ही घरही तपासतो. तुमचं घर नापास झालं."

हणमंतने पिशवी उचलली, "येतो, वहिनी," म्हणाला आणि बाहेरच्या दाराशी जाऊन थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी त्याने हात लावला नाही.

"उघडा ना, भावजी."

तो ओशाळला. "तिथं दाराला हात लावायचा नसतो, वहिनी. कुणी उघडेपर्यंत उभं राहायचं. अजून सवय जात नाही."