चार बर्थची केबिन

सिद्धारामच्या पत्राला अठरा दिवस झाले, तरी जोतीरामांनी उत्तर लिहिलं नव्हतं. कोटाच्या खिशात राहून राहून पत्र घडीवर फाटायला आलं होतं.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. त्यांचा मुलगा सिद्धाराम मुंबईला एका बोट कंपनीत होता. दिवाळीनंतर कंपनी त्याला पाच वर्षांसाठी आफ्रिकेला धाडणार होती. त्याआधी सगळ्यांनी मिळून बोटीनं पणजीला जाऊन यावं म्हणून त्यानं सवलतीची केबिन मागितली होती. पास फक्त आई, वडील, बायको आणि मुलांना. वडिलांनी फॉर्म भरून, सही करून वीस तारखेच्या आत पाठवायचा. खाली त्यानं केबिनचं चित्र काढलं होतं. दोन बर्थ खाली, दोन वर.

‘मावशी नियमात बसत नाही,’ असं शेवटी लिहिलं होतं. ‘डेकचं तिकीट मिळेल, पण तिचा दमा बघता तिला रात्रभर उघड्यावर कसं ठेवू?’

मावशी म्हणजे बजाबाई, जोतीरामांच्या बायकोची, रंभाबाईंची, धाकटी बहीण. वैराग गाव सोडून हे कुटुंब सोलापुरात आलं, तेव्हापासून ती विधवा बहीण त्यांच्याकडेच होती. उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि जोतीरामांना एकट्यालाच बाहेर बोलावलं. त्यामुळे पत्रातल्या त्या पाच वर्षांचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

दुपारी तिघंही चित्रावर वाकून बसले.

“वरच्या बाकावर कोन?” रंभाबाईंनी विचारलं.

“सिद्धू आणि सूनबाई. त्यांची बाळी तिच्याजवळ. खाली आपण दोघं.”

“म्हंजी सून सासऱ्याच्या डोक्यावर झोपनार? लोक शेण घालतील की तोंडात.”

“मग तिला तुझ्या वर देऊ. माझ्या वर सिद्धू.”

“द्या, माझ्या वरच द्या. सगळ्यांचं वझं व्हायला मीच हाय.”

बजाबाई हसली आणि हसता हसता खोकली. “दाजी, सिद्धूला वर नका दिऊ. झोपंत लई लोळतुया त्यो.”

“बत्तिसाव्या वर्षी?”

“सवय कुटं जाती?”

इतक्यात शेजारचा तिप्पण्णा पेपर मागायला आला. चित्र बघून त्यानं सगळी हकीकत काढून घेतली.

“सोपं हाय की भाऊसाहेब. आईच्या रकान्यात बजाक्काचं नाव टाका. बोटीवर कोन जन्मदाखला बघतंय?”



“मी शाळेत पस्तीस वर्षं कारकुनी केली,” जोतीराम म्हणाले. “जन्मतारीख बदलून द्या म्हणून लोक पाया पडायचे. कधी बदलली नाही.”

“म्हनून तर सांगतो. तुमचं खोटंबी खरं म्हनून खपंल.”

रंभाबाई उसळल्या. “आई काय बदलायची गोष्ट हाय व्हय रं? पेपर घे आन् चालू लाग.”

तिप्पण्णा गेला. बजाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. “मी कुटं म्हनले मला न्या म्हनून? पानी बघितलं की गरगरतं मला.” आणि ती मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

जोतीराम फॉर्म घेऊन बसले. आपला बर्थ तिला द्यायला ते एका पायावर तयार होते. पण वडिलांच्या रकान्यात बाई कशी बसवणार? त्यांनी पत्राला सुरुवात केली, फाडलं, पुन्हा केली. उभ्या जन्मात एकही मोठी गोष्ट त्यांनी स्वतः ठरवली नव्हती. इतरांनी ठरवायचं आणि यांनी सुवाच्य अक्षरात लिहायचं. आता ठरवायला कुणी नव्हतं आणि अक्षरही उमटत नव्हतं.

एकोणीस तारीख उजाडली. बजाबाई देवळात गेल्याचं बघून रंभाबाई जोतीरामांसमोर येऊन बसल्या.

“माजं नाव लिवू नका. तिचं लिवा.”

“आईच्या रकान्यात?”

“मग काय वडलांच्या?”

“अगं, सिद्धूला काय सांगू?”

“ते तुमी बगा. शिकल्यालं तुमी हाय.”

जोतीराम बराच वेळ टाकाचं टोक पुसत राहिले. “मग तुला काय राहील?”

“ऱ्हाईल ते ऱ्हाईल.” रंभाबाईंनी पदरानं नाक पुसलं. “पर आज लिवा. उद्या माजंच मन फिरंल.”

दुपारच्या डाकेआधी जोतीराम पोस्टाच्या पेटीपाशी उभे होते. दोनदा पाकीट अर्धं आत घातलं आणि दोनदा बाहेर ओढलं. मागचा माणूस खाकरला, तसा त्यांचा हात सुटला.

पाकिटात सही केलेला फॉर्म होता आणि चार ओळी होत्या.

‘चि. सिद्धाराम, मी येत नाही, हिच्याजवळ थांबतो. आईच्या रकान्यात बजाबाईचं नाव घातलं आहे. बोटीवर कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस. तू सव्वा महिन्याचा होतास, तेव्हा तिनंच तुझं आपल्या अंगावरचं दूध सोडवून तुला हिच्या ओटीत घातलं.’